हिरव्या दोऱ्याची थाळी

साल एकोणीसशे शहाऐंशी. माझं वय शेहेचाळीस. त्या साली नाताळ गुरुवारी आला होता आणि तो गुरुवार मार्गशीर्षातला शेवटचा होता. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या व्रताचं उद्यापन आणि शेजारच्या सिसिलबायचा नाताळ, दोन्ही एकाच दिवशी. असा योग नंतरही आला असेल. मी कॅलेंडर उलटून पाहिलं नाही.

परवा सून खोका घेऊन आली. आत सहा डोनट, झाकणाला चिकटायला आलेले. एकावर चॉकलेट, एकावर गुलाबी काहीतरी, एकावर रंगीत दाणे. "बाबा, एक घ्या ना, मऊ आहेत, दात लागत नाहीत." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "बिनअंड्याचे आहेत, मी विचारून आणलेत." मी उठून गॅलरीत गेलो. तिला वाटलं, म्हातारा रुसला. वाटू दे. विचारून आणलेत म्हणे. एवढं सोपं असतं ते. विचारायचं.

डिसेंबर लागला की अजूनही पहाटे आरेच्या बाजूने गार वारा येतो. आता मधे एवढ्या इमारती आहेत, तरी येतो कुठून तरी. त्या वाऱ्यात पूर्वी तीन वास असायचे. गोठ्यातल्या शेणाचा, ओल्या गवताचा, आणि मरोळच्या आमच्या गल्लीत शिरला की बेकरीच्या भट्टीतल्या लाकडाचा. आम्ही चाळीत राहायचो, दहा बाय बाराची खोली, आणि चाळीला लागून ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण. कौलारू घरं, पुढे ओटा, ओट्यासमोर क्रूस, क्रूसाच्या पायाशी झेंडू. नाताळ जवळ आला की ओट्या-ओट्यावर बांबूच्या कामट्यांचे तारे बांधायला घेत. आमच्याकडचा दिवाळीचा कंदील आणि त्यांचा तारा, कामट्या एकाच माणसाकडून यायच्या.

सिसिलबायचा ओटा आमच्या दाराला लागून. मधे गुडघ्याएवढी भिंत. ती भिंत कशासाठी बांधली होती कोण जाणे, तिच्यावर दोन्ही घरांची भांडी वाळायची. सिसिलबाय ठेंगणी, गोल, पायात कायम रबरी चपला, बोलायला लागली की चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. मला भाऊ म्हणायची. सुनंदाला नुसतं सुनंदा, आणि सुनंदा तिला नुसतं सिसिल. सोळा वर्षांत त्या दोघींनी एकमेकींची किती वाटणं वाटली असतील, तो हिशोब त्यांच्या पाट्यालाच ठाऊक.

नेवऱ्या आणि कुलकुल हा नाताळचा फराळ तर गावठाणात घरोघरी व्हायचा. डोनट मात्र एकट्या सिसिलबायचे. तिचा नवरा दुमिंग जहाजावर भटारी होता, तो ही विद्या कुठल्याशा बंदरातून शिकून आला होता. तो म्हणायचा, तेलात तळले की सकाळी चामड्यासारखे होतात, भट्टीत भाजा. मग ती स्टीलच्या पेल्याने गोल कापायची, खोकल्याच्या बाटलीच्या झाकणाने मधलं भोक पाडायची, आणि थाळ्या बेकरीत जायच्या. पाव काढून झाले की भट्टीची आग मावळायला लागते, त्या उतरत्या धगीवर बेकरीवाला गावठाणातल्या लोकांचे केक-बिक भाजून द्यायचा. चोवीस तारखेला तिथे थाळ्यांची रांग लागायची.

सुनंदा पहिल्या वर्षी डोनट बघून म्हणाली होती, "हा तर गोड मेदुवडा गं."

"मेदुवडा तुझ्या सासूला," सिसिलबाय म्हणाली. आणि दोघी इतक्या हसल्या की माझी आई आतून विचारत होती, काय झालं, काय झालं.

भाजलेल्या डोनटवर साखर चढवायचं काम माझं. ते कसं माझ्याकडे आलं, सांगतो. मी गिरणीत सायझिंग खात्यात होतो. बावीस वर्षं. सायझिंग म्हणजे सुताला कांजी पाजायची. मागावर चढण्याआधी ताण्याचे हजारो धागे एकदम कांजीतून जातात, मग गरम पिंपांवरून वाळत पुढे. कांजी पातळ झाली तर धागा मागावर तुटतो, जाड झाली तर करकरतो. साहेबाकडे मोजायची नळी होती. मी बोट बुडवायचो. बोटावरून थेंब कसा ओघळतो, शेवटी तार धरतो की तुटतो, ते बघायचं. साहेबाची नळी आणि माझं बोट कधी वेगळं बोललं नाही. चौथीत शाळा सुटली माझी, पण त्या खात्यात मला अडाणी म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गिरणी बंद पडली त्या वर्षीच्या नाताळात मी ओट्यावर नुसता बसलो होतो. सिसिलबाय पिठीसाखर दुधात कालवत होती आणि तिचं मिश्रण डोनटवरून पाण्यासारखं खाली जात होतं. मला बघवेना. मी म्हटलं, "आण इकडे." साखर वाढवली, लिंबाचे चार थेंब टाकले, बोट बुडवलं. डोनट उलटा धरून बुडवला, उचलला, जरासा झटका दिला आणि सरळ केला. वर पांढरी, गुळगुळीत, काचेसारखी साय. कडेला एक थेंब ओघळला आणि जिथे थांबायला पाहिजे तिथेच थांबला.

"भाऊ, तुझ्या हातात जादू आहे रे," ती म्हणाली.

चार महिन्यांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मी मान खाली घालून दुसरा उचलला.

तेव्हापासून दर नाताळला मी तिच्या ओट्यावर पाट घेऊन बसायचो. गिरणीचं कुलूप निघालं नाही. मी दुसरीकडे वॉचमन म्हणून उभा राहायला तयार नव्हतो. बावीस वर्षांचा कारागीर दुसऱ्याच्या फाटकाला सलाम ठोकणार नाही, असं मी चारचौघांत सांगितलं होतं. घर सुनंदाच्या शिवणयंत्रावर चाललं होतं. ते मी कधी चारचौघांत सांगितलं नाही.

सुनंदाने मार्गशीर्षाचे गुरुवार धरले ते त्यासाठीच, गिरणीचा भोंगा पुन्हा वाजावा म्हणून. महिनाभर घरात अंडं नाही, मासळी नाही. मालवणकडच्या माणसाला ही शिक्षाच. पण मीही पाळायचो, तिच्यापेक्षा जास्त कडक. हटवादी माणूस उपासाला बरा. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला सात सवाष्णी बोलवायच्या, हळदकुंकू लावायचं, फळ आणि पोथी द्यायची. सात जणींतली सातवी दर वर्षी सिसिलबाय. पहिल्या वर्षी चाळीतल्या राणेवहिनींनी नाक मुरडलं होतं. "सुनंदा, अगं ती आपल्यातली नाही."

सुनंदा म्हणाली, "नवरा आहे ना तिला जिवंत? मग सवाष्ण. आणि माझ्या बाळंतपणात रात्री तुम्ही आला होतात की ती?"

 सिसिलबाय नवी साडी नेसून यायची, पाटावर मांडी घालता यायची नाही म्हणून पाय एका बाजूला घ्यायची, आणि कपाळावर कुंकू लावून घेताना डोळे गच्च मिटायची, जसं काही इंजेक्शन देतायत. ते कुंकू ती पुसायची नाही. तसंच मिरवत घरी जायची.

त्या साली ती म्हणाली, "सुनंदा, माझा सण आणि तुझी पूजा एका दिवशी. माझ्या घरचं काहीतरी तुझ्या बायकांच्या पानात पडलं पाहिजे."

"तुझ्या डोनटात अंडं असतं गं."

"मग बिनअंड्याचे करते. दह्यात मळते. दोन थाळ्या. एक माझ्या पाहुण्यांची, एक तुझी."

सुनंदाच्या तोंडावर काय आनंद झाला होता. राणेवहिनींना मुद्दाम जाऊन सांगून आली, यंदा सिसिलच्या हातचं असणार, चालेल ना? त्या म्हणाल्या, अंडं नसेल तर चालेल बाई. सुनंदा म्हणाली, "माझा शब्द."

चोवीस तारखेची दुपार मला अजून हाताने चाचपता येते. ओट्यावर ऊन, उन्हात पीठ उडतंय, दोन्ही थाळ्यांत कापलेले डोनट फुगायला ठेवलेले, वर ओलं फडकं. थाळ्या दुमिंगने एकाच पत्र्याच्या करून घेतलेल्या, जुळ्या, प्रत्येकीच्या कडेला तारेची कडी. सिसिलबायने वाटीत लवंगा काढल्या.

"भाऊ, बिनअंड्याच्या एकेकावर एकेक लवंग टोचते. म्हणजे गोंधळ नको."

मी हसलो. "लवंग टोचून भोकाला अजून एक भोक? मी बसलोय ना इथे. दोरा बांधतो. हिरवा म्हणजे सुनंदाचा, लाल म्हणजे तुझा. आमच्या खात्यात अशीच खूण असायची. बावीस वर्षं दोऱ्यात काढली, सुताचा एक रूळ, एक बीम इकडचा तिकडे गेला नाही."

"लवंगेला काय होतंय रे? टोचू दे ना."

"विश्वास नाही का माझ्यावर?"

असं विचारलं की माणूस काय बोलणार. तिने लवंगांची वाटी आत नेऊन ठेवली. मी सुनंदाच्या यंत्रावरून दोरे तोडून आणले आणि दोन्ही कड्यांना गाठी मारल्या. घट्ट, विणकराच्या गाठी. थाळ्या डोक्यावर घेऊन मीच बेकरीत गेलो.

भट्टीतून थाळ्या लांब दांड्याच्या फळीवरून बाहेर आल्या तेव्हा वास असा की महिनाभराचा उपास पोटात उभा राहिला. दोन्ही थाळ्यांतले डोनट सारखेच. तांबूस, फुगलेले, चकचकीत. मी कड्या बघितल्या. दोन्हींवर काळा ठिपका. दोरा नव्हता.

बेकरीवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. "चाचा, भट्टी में धागा बांधा था क्या?" आणि मागचे दोघं हसले.

सूत जळतं. बावीस वर्षं ज्याने कापूस, सूत, धागा याशिवाय काही पाहिलं नाही, त्याच्या हे डोक्यात आलं नाही. आमच्या खात्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर पाटी होती, विडी ओढू नये, सूत पेट घेतं. मी ती पाटी अक्षर अक्षर लावून वाचायला शिकलो होतो. मी बेकरीवाल्याला म्हटलं, "माहीत आहे मला. कुठली कुठली आहे ते माहीत आहे." आणि थाळ्या उचलल्या.

रस्त्यात एका बंद दुकानाच्या फळीवर त्या टेकवल्या. चाखायचं तर एकात अंडं आणि माझा महिना चाललेला. एक मोडून बघितला असता तर आतला पिवळेपणा दिसला असता. तेवढंच करायचं होतं. एक डोनट मोडायचा. पण मोडलेला डोनट नेला की सिसिलबाय विचारणार, हा का मोडला. मग मी हातात घेऊन बघितले. एक या थाळीतला, एक त्या थाळीतला. दह्याचा जड असणार, असं मी ठरवलं. डाव्या हातातला मला जड वाटला. माझा हात कधी चुकला नव्हता.

ओट्यावर बसून मी दोन्ही थाळ्यांवर साखर चढवली. असा हात त्या दिवशी लागला होता की विचारू नका. एकही थेंब वाकडा गेला नाही. पांढऱ्या सायीखाली सगळे सारखे दिसायला लागले, आणि मला वाटलं, झालं, सुटलो. सिसिलबाय हात पुसत बाहेर आली.

"भाऊ, दोरे कुठे गेले?"

"काढले. काम झालं की खूण काढायची असते."

तिने कडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मग सुनंदाची कुठली?"

"ही," मी म्हटलं. अजिबात अडखळलो नाही.

तिचे पाहुणे दुसऱ्या दिवशी रात्री जेवायला येणार म्हणून तिची थाळी फडक्याखाली तशीच राहिली. आमची आमच्याकडे आली.

गुरुवारी दिवेलागणीला सुनंदाने कलश मांडला, पोथी वाचली. बाहेर गल्लीत कागदाचे तारे पेटले होते, त्यांचा लाल-पिवळा उजेड आमच्या दारातून आत येऊन बायकांच्या साड्यांवर पडला होता. खोलीत जागा नाही म्हणून मी दाराच्या चौकटीत उभा. सात पाट. सातव्यावर सिसिलबाय, निळी साडी, कपाळावर ओलं कुंकू. सुनंदाने फळ दिलं, पोथी दिली, मसाल्याचं दूध दिलं, आणि मग एकेकीच्या पानात एकेक डोनट ठेवला. "सिसिलने केलेत, ह्यांनी साखर चढवली," असं प्रत्येक पानाशी म्हणत होती.

राणेवहिनींनी पहिला घास घेतला. चावता चावता थांबल्या. हातातला तुकडा दिव्याकडे धरून बघितला. आतून पिवळा. "सुनंदा, अगं ह्याला अंड्याचा वास येतोय."

 एकीने पदर तोंडाला लावला. सुनंदाच्या हातात रिकामी थाळी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"अहो, थाळी तुम्हीच आणलीत ना? नीट बघून आणलीत ना?"

माझं तोंड उघडलं होतं. हे मी देवाशपथ सांगतो. शब्द जिभेपर्यंत आला होता. पण समोर सात बायका होत्या, त्यात राणेवहिनी होत्या, आणि मी त्या खोलीतला एकुलता एक पुरुष, ज्याच्यासाठी हे सगळं व्रत चाललं होतं.

सिसिलबायने आपल्या पानातला तुकडा उचलून तोंडात घातला. चावला. मग चौकटीकडे बघितलं, माझ्याकडे. फार वेळ नाही. कांजीचा थेंब बोटावरून सुटायला लागतो, तेवढाच.

"सुनंदा, त्यांना काय विचारतेस," ती म्हणाली. "माझीच चूक झाली. मळताना सवयीने अंडं पडलं असणार. सणाची घाई गं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

मी तोंड मिटलं.

सुनंदा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एकेक पान उचललं, बायकांना चुळा भरायला पाणी दिलं, कलशापुढे हात जोडून उभी राहिली. सिसिलबाय पाटावरून उठली. निघताना म्हणाली, "सुनंदा, माफ कर." सुनंदाने मान हलवली, पण तिच्याकडे वळली नाही. माझ्या शेजारून सिसिलबाय बाहेर गेली, अंगाला अंग लागेल एवढी जवळून. पहिल्यांदाच मी तिला ते कुंकू पुसताना बघितलं.

पुढच्या वर्षी सातव्या पाटावर कोपऱ्यावरच्या वाण्याची बायको होती. भिंतीवरची भांडी आपोआप आपापल्या बाजूला गेली. बोलणं बंद झालं नाही, पाणी आलं का, लाईट गेली का, एवढं चालू राहिलं. ते बंद पडण्यापेक्षा वाईट. मला ओट्यावर साखर चढवायला कुणी बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. गिरणी उघडली नाही. ती उघडणारच नव्हती, तिथली यंत्रं भंगारात गेलेली मी स्वतः जाऊन बघून आलो होतो. पण सुनंदाच्या मनात बसलं ते बसलं. एकदा शिवता शिवता म्हणाली, "उद्यापन बाटलं, तिथेच तुमचं नशीब फिरलं." मी वर्तमानपत्रातली चित्रं बघत होतो. बघत राहिलो.

नंतर गावठाणातली घरं बिल्डरांनी घेतली. सिसिलबाय आणि दुमिंग वसईला गेले. टेम्पो भरताना मी बाजारात होतो. मुद्दाम. परत आलो तर ओटा झाडून स्वच्छ, आणि मधल्या भिंतीवर पुठ्ठ्याच्या डब्यात डोनट. नाताळ नव्हता, मे महिना होता. साखर पातळ होती, सगळी खाली उतरून डब्याच्या तळाशी साचलेली. प्रत्येकावर एकेक लवंग टोचलेली.

सुनंदाने एक खाल्ला. लवंग काढून बाजूला ठेवली. म्हणाली, "जाता जाता तरी बिनअंड्याचे करायचं लक्षात ठेवलंन."

त्या दिवशी सांगायचं होतं. सुनंदा आजारी होती त्या वर्षीही सांगायचं होतं. तेव्हा ती स्वतःहून म्हणाली होती, "सिसिल काय करत असेल हो? तिच्या हातून असं कसं झालं, मला अजून पटत नाही." मी म्हटलं, "जाऊ दे आता." तिने माझा हात धरला. तिला वाटलं, मी तिची समजूत घालतोय. सुनंदा गेली. वसईहून सिसिलबायचंही कळलं, ते कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. आता सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून वहीत लिहितोय. आपला मान राखायला मी त्या दोघींची सोळा वर्षं घालवली, आणि मान तरी कसला, तो सुद्धा सिसिलबायने दिलेला.

गॅलरीतून आत आलो तर सुनेने खोका फ्रिजमध्ये ठेवला होता. ती बिचारी काय करणार.

त्या उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सव्वीस तारखेला, सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. सुनंदा भिंतीकडे तोंड करून झोपली होती, की झोपल्यासारखी पडली होती. दोन्ही थाळ्या मधल्या भिंतीवर होत्या. सिसिलबायने तिची रिकामी करून आमच्या थाळीशेजारी आणून ठेवली होती, काळे ठिपके वर येतील अशी. कुणाला दिसावे म्हणून, की मला दिसावे म्हणून, मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी मोरीत बसून राखेने थाळ्या घासल्या. कडीतल्या जळक्या गाठी निघेनात. विणकराच्या गाठी त्या, जळून गेल्या तरी तारेला धरून होत्या. अंगठ्याच्या नखाने खरवडून, खरवडून, मी दोन्ही काढल्या आणि पाणी ओतलं. मग थाळ्या तिच्या ओट्यावर उपड्या ठेवल्या, आणि आतून तिच्या रबरी चपला वाजल्या तसा घरात येऊन दार लावलं.